हिवराळे सरांनी लॅब चालू केली

आपल्याकडे साहेब यायचे म्हटलं की त्यांच्या आधी चुना येतो. भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, फाटक्या सतरंजीवर नवी चादर, आणि वर्षभर कपाटात पडलेल्या ग्लासांत सरबत. साहेब नेमकं काय बघायला येणार आहेत, हे कुणी विचारत नाही. साहेब आले की चांगलं तेवढं दाखवायचं, हे बाळकडूच आहे आपलं. संघपाल हिवराळेचं जे वाटोळं झालं ते या एका सवयीपायी झालं, आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा सगळ्यांत मोठा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही उगाच दुसऱ्यांना शिव्या देत बसाल. अर्थात त्यांनाही थोड्या द्यायला हरकत नाही.

संघपाल भावसिंगपुऱ्याचा. वडील मोंढ्यात हमाली करत. पोरानं पाठीवर ओझं घेऊ नये, बसून काम करावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मग ते काम कुठलं का असेना. म्हणून दहावी झाल्या झाल्या त्याला टायपिंगला घातलं. त्याचं मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस होईपर्यंत टाईपरायटर अडगळीत गेले. मग त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला, औरंगपुऱ्यात एका सायबर कॅफेत नोकरी धरली, आणि तिथं जरा बस्तान बसतंय तोच लोकांच्या खिशात इंटरनेट आलं. कॅफेच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं. संघपाल स्टँडवर पोचेपर्यंत त्याची गाडी नुकतीच सुटलेली असायची, असं त्याच्या आयुष्याचं गणित होतं.

शेवटी दौलताबादच्या रस्त्याला, मिटमिट्याच्या अलीकडे एका शाळेत तो कॉम्प्युटर शिकवायला लागला. पोरं ‘सर’ म्हणू लागली. वडिलांनी एकदा येऊन त्याला खुर्चीत बसलेलं डोळे भरून पाहिलं आणि त्याच वर्षी ते समाधानानं गेले. ती खुर्ची मानधनावरची आहे, म्हणजे संस्थेच्या मनात येईल तेव्हा काढून घेता येते, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. पुढे शहराचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, शाळेचे मुख्याध्यापक तीनदा बदलले. संघपालच्या नावापुढचा ‘मानधन तत्त्वावर’ हा शिक्का तेवढा बदलला नाही.

माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण एक खोड होती. बंद पडलेली वस्तू त्याला बघवायची नाही. लग्नाला गेला तर अक्षतांआधी हा मंडपाच्या मागे खरखरणारा माईक उघडून बसलेला. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे नाचत असताना हा जनरेटरपाशी. सासुरवाडीला गेला तर सासूबाई ताट वाढायच्या आधी मिक्सर पुढे आणून ठेवायच्या. त्याची बायको करुणा अंगणवाडीत मदतनीस होती. ती म्हणायची, “तुम्हाला पाहुणा म्हणून कुणी बोलवत नाय. तुम्हाला मेकॅनिक म्हणून बोलवतेत.” तो हसायचा. वस्तू चालू झाली की त्याच्या तोंडावर जे तेज यायचं ते पगाराच्या दिवशीही कधी आलं नाही. पगाराच्या दिवशी यायचं कुठून म्हणा.

शाळेच्या लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर होते. कधीकाळी एका योजनेतून आलेले, पाठीमागे डबा असलेल्या पडद्यांचे. पडदे पुढे बदलले, पण आतला जीव तोच राहिला. परिपाठाच्या आधी बटण दाबायचं, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या सगळं उरकून आत यायचं, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटायचं. एकेका कॉम्प्युटरवर चार-चार पोरं. एकानं टाईप करायचं आणि तिघांनी अक्षर उमटायची वाट बघायची. सातवीतल्या पोरांना वाटायचं, कॉम्प्युटर म्हणजे वाट बघण्याचा तास.

अशात बातमी आली की नव्या योजनेत निवडक शाळांना नवी कोरी लॅब मिळणार आहे, आणि लॅबसोबत एक कॉम्प्युटर शिक्षकाचं कायम पदही मंजूर होणार आहे. जो आधीपासून मानधनावर काम करतोय त्याला प्राधान्य. फक्त वयाची अट होती, आणि संघपालला ती ओलांडायला एक उन्हाळा उरला होता. म्हणजे लॅब आली तर याच वर्षी यायला हवी होती. पुढच्या वर्षी ती सोन्याची आली असती तरी त्याच्या उपयोगाची नव्हती. घरी त्यानं करुणाला हे दोनदा समजावून सांगितलं. खरं तर तिला पहिल्यांदाच समजलं होतं, पण त्याला पुन्हा सांगावंसं वाटलं.

कुणाला लॅब द्यायची हे ठरवायला पाहणी होणार होती. संस्थेचे सचिव अतुलराव यांनी मुख्याध्यापिका सुलेखा मॅडमच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. अतुलराव म्हणजे पांढरा कडक शर्ट आणि दोन मोबाईल. त्यांना सगळे ‘दादा’ म्हणत, निवृत्तीला आलेले शिक्षकसुद्धा.

“पाहणी हाय,” दादा म्हणाले. “शाळा चकाचक पायजे. लॅब तर एकदम टकाटक. ज्यानं जुनं नीट सांभाळलं त्यालाच सरकार नवं देतं. फुटक्या हातात कोण काचेचं भांडं देईल?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं पटण्यासारखंच होतं. संघपाल म्हणाला, “दादा, कॉम्प्युटर लई स्लो हायेत. चालू व्हायलाच...”

“मग तुम्ही कशाला हायेत, हिवराळे?” दादा हसले. सगळे हसले. संघपालही हसला.

संध्याकाळी त्यानं घरी हे सांगितलं तेव्हा करुणा पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

“काय बघायला येऊ राहिले ते?”

“लॅब.”

“लॅब कशी हाय ते बघायला, का नवी पायजे का नको ते बघायला?”

“एकच की ते.”

“एक कसं? आमच्याकडे वजनकाट्याची पाहणी झाली तवा आमच्या बाईनं बिघडलेला काटा दारातच ठिवला होता. पोरगं बसवलं की काटा नव्वद किलो दाखवायचा. आलेला साहेब हसून हसून बेजार. पंधरा दिवसांत नवा काटा आला. अन् शेजारच्या गावातल्या बाईनं दगड बांधून, तारेनं आवळून काटा नीट करून दाखवला. ती आजून दगडच बांधू राहिली.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “बंद हायेत तर बंदच राहू द्या. हात दाखवून अवलक्षण कामून करता?”

“अंगणवाडी येगळी अन् शाळा येगळी,” संघपाल म्हणाला. असं म्हणताना त्याच्या आवाजात तो ‘सर’ असल्याचा थोडासा ताठा आला, आणि तो करुणाला ऐकू गेला. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

खरी गोष्ट अशी, की तिचं म्हणणं त्याच्या डोक्यात शिरलं होतं. पण त्याच्या हातांत शिरलं नव्हतं. हात शिवशिवत होते. कुणीतरी बाहेरचं, जाणकार माणूस पहिल्यांदाच त्याची लॅब बघायला येणार होतं. इतक्या वर्षांत त्याच्या खोलीत कुणी डोकावलं असेल तर ते खडू मागायला. आणि आता येणाऱ्या माणसापुढे कॉम्प्युटर मरगळून बसले तर त्या माणसाला काय वाटेल? वाटेल की इथला शिक्षक असाच असणार. ही कल्पनाच त्याला सहन होईना.

तो कामाला लागला. आधी एकेका कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळ काढली. शिपाई फकिरामामानं ब्लोअर धरला आणि खोकून खोकून अर्धमेला झाला. मग आपोआप सुरू होणारे फुकटे प्रोग्रॅम बंद केले. त्यानं थोडा फरक पडला, पण खरं दुखणं मेमरीचं होतं. एक जीबी मेमरीत नव्या जमान्याचं काम म्हणजे दोन माणसांच्या ओट्यावर पंगतीचा स्वयंपाक. भांडं ठेवायला जागा नसली की बाई एक खाली ठेवते, दुसरं वर घेते, आणि सगळा वेळ या उचलठेवीत जातो. कॉम्प्युटरचंही तेच होत होतं. त्या जुन्या जातीच्या मेमरीच्या पट्ट्या बाजारात धड मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या असत्या तरी संस्थेनं घेऊन दिल्या नसत्या.

पण ओट्याशेजारी स्टूल ठेवता येतं. विंडोज सेव्हनमध्ये रेडीबूस्ट नावाची एक सोय होती. पेनड्राईव्ह लावायचा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, आणि त्यातली मोकळी जागा कॉम्प्युटरला वापरायला देऊन टाकायची. वारंवार लागणाऱ्या गोष्टी मग तो तिथं हाताशी ठेवतो, हार्ड डिस्कच्या तळघरात सारखा उतरत बसत नाही. खऱ्या मेमरीची सर तिला नाही. भरपूर मेमरी असलेल्या कॉम्प्युटरला तिचा काडीचा उपयोग नाही. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला स्टूलसुद्धा पुष्कळ होतं.

आता बारा पेनड्राईव्ह आणायचे कुठून? संघपालनं स्टाफरूममध्ये झोळी पसरली. आणि तिथं एक गंमत झाली. आजकाल लग्नाची शूटिंग फोटोग्राफर पेनड्राईव्हमध्ये देतो, मखमली डबीत घालून, दागिना द्यावा तसा. लोक एकदा बघतात आणि डबी कपाटात ठेवतात. झालं, शिक्षक लोकांनी त्याच आणल्या. कुणाचा बदामाच्या आकाराचा, कुणाचा सोनेरी किल्लीसारखा, एकावर तर ‘प्रणय वेड्स सोनिया’ असं कोरलेलं. आतली शूटिंग पुसायची गरज नव्हती, उरलेली जागा पुरत होती. तरी संघपालनं प्रत्येकाची शूटिंग आधी आपल्या डिस्कवर उतरवून घेतली. दुसऱ्याच्या लग्नाची जोखीम कशाला घ्या.

बारावा पेनड्राईव्ह लागला त्या दुपारी त्यानं सगळी बटणं एकदम दाबली, आणि फकिरामामाला परिपाठातली प्रतिज्ञा म्हणायला लावली. मामा शेवटच्या ‘माझे सौख्य सामावले आहे’पाशी आला आणि बाराच्या बारा पडदे उजळले.

“आयला!” मामा म्हणाला. “सर, तुम्ही तर मढी उठवली.”

संघपाल दारात उभा राहून नुसता बघत राहिला. ते सुख खोटं नव्हतं. पुढे जे झालं त्यावरून त्या सुखाला हसायचं असेल त्यानं हसावं.

पाहणीचा दिवस उजाडला. फाटकापासून लॅबपर्यंत रांगोळी. दारात आंब्याची पानं. दहावीच्या मुली नऊवारी नेसून औक्षणाला. कॉम्प्युटरना हळद-कुंकू लावून झेंडूची फुलं वाहिलेली. खंडेनवमी होऊन गेली होती, पण साहेब येतील तो दिवस सणाचा. पाहणीला आलेल्या बाई तरुण होत्या, साध्या होत्या, आणि हे सगळं बघून चक्क ओशाळल्या. त्यांनी शाल नको म्हटलं, नारळ नको म्हटलं, सरबताचा एक घोट घेतला आणि सरळ लॅबमध्ये येऊन बसल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. मराठीत एक परिच्छेद टाईप केला. एक चित्र उघडलं, एक तक्ता उघडला, दोन्ही उघडे ठेवून तिसरं काही उघडलं. सगळं उघडलं.

“हे इतके जुने आहेत आणि इतके नीट चालतात?” बाई म्हणाल्या. “कुणी केलं हे?”

दादांनी तोंड उघडायच्या आत संघपाल पुढे झाला. त्यानं बाईंना पेनड्राईव्ह दाखवले, रेडीबूस्ट दाखवलं, ओटा आणि स्टूल सांगितलं. बाई मनापासून ऐकत होत्या. मध्येच एक प्रश्न विचारत होत्या आणि तो प्रश्न बरोबर असायचा. इतक्या वर्षांत त्याच्याशी त्याच्या कामाबद्दल असं कुणी बोललंच नव्हतं. मग बाईंनी पेन उघडलं आणि सहज विचारलं, “नेहमी असेच चालतात ना, सर? की आज पाहणी म्हणून?”

झालं. एवढीच जागा होती. इथं ‘नाही मॅडम’ म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मॅडम, ही उसनवारी आहे, हे पेनड्राईव्ह लोकांच्या लग्नाचे आहेत, उद्या परत जातील, आणि ठेवले तरी अशा वापरानं थोड्याच महिन्यांत झिजतील. एरवी माझी पोरं अर्धा तास निळ्या पडद्याकडे बघत बसतात. हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. करुणाचा नव्वद किलोचा काटाही डोळ्यांपुढे येऊन गेला. मागे दादा उभे होते, सुलेखा मॅडम उभ्या होत्या, दारात औक्षणाच्या मुली उभ्या होत्या. आणि बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, की हा माणूस म्हणजे काहीतरी आहे.

“व्हय मॅडम,” संघपाल म्हणाला. “नेहमी.”

बाईंनी लिहून घेतलं.

निकाल दिवाळीनंतर आला. शाळेची लॅब ‘सुस्थितीत’ ठरली होती. जिथं लॅब धड चालू आहे तिथं नवी देण्याचं कारण नव्हतं. जिथं काहीच चालत नाही त्या शाळांना आधी मिळणार. बाईंनी अन्याय केला असं म्हणायचीही सोय नव्हती. डोळ्यांनी जे पाहिलं आणि कानांनी जे ऐकलं तेच त्यांनी लिहिलं. शिवाय शिक्षकाचं विशेष कौतुक करावं, अशी शिफारसही केली.

खुलताबादच्या बाजूच्या एका शाळेला लॅब मिळाली. तिथला मानधनवाला शिक्षक गोकुळ हा संघपालच्या कोर्सच्या वेळचा दोस्त. त्यानं आनंदानं फोन केला.

“अरे, मी तर कुलूपच काढलं न्हवतं दोन वर्षं,” गोकुळ म्हणाला. “किल्ली पण सापडंना त्या दिवशी. कुलूप तोडलं तर आतून घूस पळाली, बाईंच्या पायावरून. बाईंनी तिथंच लिवलं, तातडीनं गरज. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतेत ना, तसं झालं. तुझं काय झालं?”

“नाय झालं,” संघपाल म्हणाला.

“कामून? तू तर लई हुशार होता.”

संघपालनं रेंज नसल्याचं सांगितलं.

शाळेत मात्र सगळ्यांना बोलायला पुष्कळ सुचलं. ज्यांनी रांगोळी काढली, ज्यांनी चुना फासला, ज्यांनी पेनड्राईव्ह डबीतून काढून हातात दिले, त्या सगळ्यांना एकाएकी आठवलं की आपल्याला हे आधीच खटकलं होतं. दादा सर्वांदेखत म्हणाले, “तुम्हाला एवढं शहाणपण करायला सांगितलं कुणी?” संघपाल सुलेखा मॅडमकडे बघू लागला, कारण त्या बैठकीत त्याही होत्या. मॅडम टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. त्याच आठवड्यात शिक्षकांनी आपापले पेनड्राईव्ह काढून नेले. ‘प्रणय वेड्स सोनिया’सुद्धा गेला. कॉम्प्युटर पुन्हा निळे पडून बसू लागले, पण कागदावर ते सुस्थितीत होते, आणि आपल्याकडे कागद खोटं बोलत नसतो.

प्रजासत्ताक दिनी ध्वजवंदन झाल्यावर संघपालचा सत्कार झाला. शिफारसच तशी आली होती, टाळता येईना. शाल, नारळ आणि कौतुकाचा कागद. दादांनी भाषण केलं, की शासनाचा पैसा वाचवणारे असे शिक्षक घरोघरी, म्हणजे शाळोशाळी, जन्माला यावेत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मॅडमनी त्याला बोलावून, खुर्चीत बसवून, आधी चहा पाजून सांगितलं की लॅब आता व्यवस्थित लागलेली आहे, गणिताच्या सरांना थोडंफार येतं, तेव्हा पुढच्या वर्षापासून मानधनाचं पद संस्थेला परवडत नाही.

“मॅडम, मी नीट केली म्हणून मला काढता?” संघपालनं विचारलं.

“तसं नाही हो, सर,” मॅडम म्हणाल्या. तसंच होतं. गरज सरो, वैद्य मरो, हे त्यांना तोंडानं म्हणवेना एवढाच त्यांचा चांगुलपणा.

त्या उन्हाळ्यात त्याचं वय अटीबाहेर गेलं. करुणानं त्याला एकदाही ‘मी म्हणलं होतं’ असं ऐकवलं नाही. तिनं ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कितीतरी वेळा वाटलं. ती नुसती पूर्वीपेक्षा लवकर उठायला लागली आणि अंगणवाडीला जायच्या आधी दोन घरच्या पोळ्या लाटून यायला लागली. तो छावणी भागात एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाईन अर्ज भरायला बसू लागला. बसून काम होतं ते. वडील असते तर खूश झाले असते.

वर्ष गेलं. एके दिवशी दुकानात सुलेखा मॅडमचा फोन आला. “सर, एकदा येऊन जाल का? लॅबचं काम आहे. दादांनीच सांगितलंय.”

तो गेला. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेला; पायांना त्या रस्त्याची सवय होती. लॅबमध्ये मॅडम आणि दादा दोघंही होते. पुन्हा पाहणी येणार होती. योजनेचा दुसरा टप्पा.

“कॉम्प्युटर चालू करायचेत का?” संघपालनं विचारलं.

“नाय, नाय!” दादा घाईघाईनं म्हणाले. “बंद पाडायचेत.”

संघपालला आधी कळलंच नाही.

“गणिताच्या सरांनी लई खटपट केली,” मॅडम खाली बघत म्हणाल्या. “वायरी काढल्या, परत लावल्या. पण ते सुरू होतातच. रडत-खडत का होईना, सगळे सुरू होतात. तुम्ही आतून फार चांगलं केलेलं आहे, सर.”

“अन् पद?” त्यानं विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

“पद निघंल की. जाहिरात येईल, अर्ज करा तुम्ही पण,” दादा म्हणाले. मग आठवल्यासारखं करून म्हणाले, “हां, तुमचं वय गेलं नाय का. आमचा आकाश हाय, पुतण्या. त्याचं इंजिनिअरिंग झालंय आत्ताच. बघू.”

संघपाल उठला. दारापर्यंत गेला. तोंडात शिवी आली होती, चांगली मोंढ्यातली, वडिलांच्या काळातली. मॅडम मागून हळूच म्हणाल्या, “सर, पोरांना तरी मिळू द्या.”

शिवी द्यावी तर ती पोरांना लागली असती. वर्षानुवर्षं ज्यांना वाट बघायला शिकवलं, त्यांना अजून किती वर्षं तेच शिकवायचं? तो मागे वळला आणि त्यानं पहिल्या कॉम्प्युटरचा डबा उघडला.

काम त्यानं नीट केलं. सगळे सारखेच बंद पडले तर बघणाऱ्याला संशय येतो, म्हणून प्रत्येकाचं दुखणं वेगळं ठेवलं. कुणाची मेमरीची पट्टी जराशी सैल केली, म्हणजे बटण दाबलं की नुसता भोंगा वाजेल. कुणाची डिस्कची वायर अशी बसवली की अर्ध्यावर येऊन थांबेल. दोन चालू ठेवले, पण एवढे जड करून ठेवले की परिच्छेद टाईप करता करता माणसाला घाम फुटावा. एक मात्र नीट चालत ठेवला, कारण बारापैकी एकही धड नाही असं कुणाला खरं वाटलं नसतं. मग त्यानं बारा बटणं एकदम दाबली आणि दारात जाऊन उभा राहिला. भोंगे वाजले, पडदे अडकले, पंखे घरघरले. अगदी ठरवलं होतं तसं. काम चोख झालं होतं, आणि ते बघून त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा त्याला इतका संताप आला की त्यानं स्वतःच्याच मांडीवर मूठ आपटली.

“वा, हिवराळे!” मागून दादा म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “आता कसं कामाचं माणूस झाला तुम्ही.”

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. करुणा बाहेर ओट्यावर भाजी निवडत बसली होती. त्याचे काळे झालेले हात तिनं पाहिले.

“शाळेत गेलता?”

“व्हय.”

“कशाला बोलावलं होतं?”

“पाहणी हाय परत.”

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. “अन् तुम्ही परत चालू करून दिले?”

संघपालनं नळाखाली हात धरले. काळं लवकर निघेना. तिला खरं सांगायचं म्हणजे सांगावं लागलं असतं, की तू त्या दिवशी पोळ्या लाटताना सांगितलंस तेच आज मी केलं, दीड-दोन वर्षांनी, आणि दुसऱ्याच्या पुतण्यासाठी केलं.

“व्हय,” तो म्हणाला. “दिले करून.”

करुणानं मान हलवली. तिला रागही आला होता आणि थोडं हसूही आलं होतं. आपला नवरा असाच आहे, हे पुन्हा एकदा पटल्यावर येतं तसं.

“तुम्ही काय सुधरायचे नाय,” ती म्हणाली, आणि त्याला हात पुसायला पदर पुढे केला.